आत्याच्या हातची खिरापत

गणपतीत तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉल केला होता आणि आत्या कुठे आहे म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, तिचं डोकं दुखतंय, आत पडली आहे. ते खरं नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात दार लावून बसली होती आणि तिला तिथे मीच बसवलं होतं. आता थंडी पडली आहे. प्रकरण मिटलं आहे, निदान कागदोपत्री तरी मिटलं आहे, म्हणून सगळं लिहून कळवते. फोनवर हे सांगता येणार नाही. फोनवर तुमचा बाबा मध्येमध्ये आजीला सल्ले देतो.

आत्या जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात अधिकारी आहे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. शेताच्या हद्दी ठरवायच्या, बांध कुणाचा ते सांगायचं, असलं ते काम. आपल्या लोणावळ्यापासून खाली तळेगावापर्यंत जमिनीला आता जो भाव आला आहे, त्यात बांध हातभर सरकला तरी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. अशा खात्यातल्या माणसाच्या घरी कोण येतं आणि हातात काय असतं, याकडे चार लोकांचं लक्ष असतं.

ती नोकरीला लागली तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीच्या नियमांचं पुस्तक घरी आलं. तिने ते चाळलं. मी वाचलं, इंग्रजीतून आणि मग मराठीतून. कामाचा संबंध असलेल्या माणसाकडून भेटवस्तू घ्यायची नाही. लग्नाकार्यात जवळच्या लोकांनी रीतीप्रमाणे दिलेलं चालतं, पण किंमत ठरावीक मर्यादेवर गेली की वरिष्ठांना कळवायचं. घर घेतलं, गाडी घेतली, कळवायचं. जोडधंदा करायचा नाही. कुणी प्रसंगाने जेवू घातलं तर ती भेट धरत नाहीत, पण ज्याचं काम आपल्याकडे आहे त्याचा फार पाहुणचारही घ्यायचा नाही. मला ते पुस्तक आवडलं. त्यात सगळ्या शक्यता धरल्या होत्या असं तेव्हा वाटलं.

मग मी घरासाठी त्याहून कडक नियम केला: या घरात फुलं आणि पानं सोडून बाहेरचं काही यायचं नाही. समोर दुकान आहे त्या भाभी तुम्हाला आठवत असतील, पावसाळ्यात तुम्हाला पिवळे रेनकोट दिले होते त्या. त्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आहे आणि त्या रस्त्यावरचं सगळं त्यांना काउंटरवर बसून दिसतं. एकदा त्यांनी कान्ह्याला राहणाऱ्या भावाच्या शेतातले दोडके पाठवले. मी पिशवी हातात घेण्याआधी विचारलं की भावाच्या जमिनीची मोजणी वगैरे चालू आहे का. भाभींनी पिशवी परत नेली. पुढे ईदला त्यांनी शीरखुर्मा पाठवला तो मी घेतला, पण तेव्हापासून काहीही देताना त्या म्हणायच्या, "बाई, मापून घ्या हं. नंतर म्हणाल, बांध सरकला."

आता ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या माणसाबद्दल. तो जमिनीची कामं करून देणारा एजंट. मूळचा वडिवळ्याकडचा, आता कामशेतला राहतो. नेहमी इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, बोलणं हळू. दोन-तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आमच्या गणपतीच्या दर्शनाला आला, तेव्हा हातात फक्त दूर्वांची जुडी होती. दारातच म्हणाला, "काकू, ताईंच्या खात्यात आमची ये-जा असते, म्हणून हात हलवतच आलोय. दूर्वा चालतात ना नियमात?"

नियम माहीत असलेल्या माणसाचा मला जास्त संशय येतो. तो पायांतलं काढत होता तेवढ्यात मी जुडीचा दोरा सोडून दूर्वा वेगळ्या करून पाहिल्या. दूर्वाच होत्या. त्याने ते पाहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा आला, बरोबर दोन-चार ओळखीचे लोक घेऊन. पेढे नाहीत, फळं नाहीत, अगदी नारळसुद्धा नाही. मी प्रत्येक वेळी हातांकडे बघायची आणि प्रत्येक वेळी हात रिकामे असायचे. गणपतीच्या दिवसांत दर्शनाला आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. बसलेल्या देवाचं दार उघडंच असतं, मग येणारा कुणी का असेना. तेव्हा रिकाम्या हातांच्या माणसाविरुद्ध मला बोलायला काही नव्हतं.

या वर्षी मात्र एक गोष्ट कानात राहिली. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आंबीकडच्या एका तरुण जोडप्याला घेऊन आला. धुकं इतकं खाली आलं होतं की फाटकापासून ती माणसं दारात येईपर्यंत दिसलीच नाहीत. आत्या नुकतीच कचेरीतून आली होती. नमस्कार झाला, मी खिरापतीची वाटी पुढे केली, तर त्याने नम्रपणे वाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "काकू, ताई आहेत ना घरात? मग त्यांच्या हातचीच द्या." आत्या आतून आली आणि तिने जोडप्याच्या हातावर थोडी थोडी खोबरं-साखर ठेवली. कुणी एक शब्द बोललं नाही. बायकोने ती खाल्ली नाही, रुमालात बांधली. नवरा आत्याकडे बघून असा हसला, जसं काही आधीच बोलणं झालेलं आहे.

ते हसणं मला आवडलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मी एजंटचा जेवढा विचार केला, त्याहून जास्त आत्याचा केला. ती काही दिवसांपासून मोबाइल पालथा ठेवत होती. फोन आला की मागच्या गॅलरीत जायची, जिथे पावसात न वाळलेले कपडे टांगलेले असतात, आणि त्या कपड्यांच्या मागे उभी राहून बोलायची. त्या दिवशी जेवली नाही, उकडीचे मोदक तसेच राहिले. आपल्या पोटच्या पोरीवर नजर ठेवणं सोपं असतं, कारण तिच्या सगळ्या सवयी आपण लावलेल्या असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीला निघाली तेव्हा मी दारात उभी राहून सरळ विचारलं, कुणाकडून काही घेतलं आहेस का.

ती चप्पल घालत होती, तशीच वाकलेली थांबली. मग म्हणाली, "हा प्रश्न गेल्या आठवड्यात मला साहेबांनी विचारला. त्यांनी निदान बसायला सांगून विचारला."

मग तिने सांगितलं. कुणीतरी साहेबांना फोन करून तक्रार केली होती: मॅडम कचेरीत काही घेत नाहीत, सगळं घरी ठरतं, देवाच्या नावाखाली. नाव सांगितलं नव्हतं, पण घराची खूण बरोबर सांगितली होती, समोरचं दुकानसुद्धा. साहेबांनी तिच्याकडून लेखी खुलासा मागितला होता. समाधान झालं नाही तर चौकशी आणि चौकशी चालू असेपर्यंत कदाचित निलंबन. ती म्हणाली, खुलाशात लिहू काय? काय झालं आहे हेच मला माहीत नाही. आणि मग तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मी तिच्याकडे रात्रभर पाहत होते.

"आई, देवापुढे कुणी काही ठेवून गेलं का? पाकीट? तुझ्या लक्षात न येता?"

मला राग आला. माझ्या लक्षात न येता या घरात मुंगी येत नाही. पण ती उशिरा येईन म्हणून कचेरीत कळवून थांबली आणि आम्ही दोघींनी मखर तपासलं. आधी हात जोडले, मग पाटाखालचं वस्त्र उचललं, आरतीचं तबक उपडं केलं, केवड्याची पानं उलगडून पाहिली, नारळ हलवून पाहिले. तिने मूर्तीमागचा दिव्यांच्या माळेचा गुंडाळा सोडला. आपण देवाची झडती घेत आहोत हे दोघींनाही कळत होतं, पण थांबायला कुणी तयार नव्हतं, कारण थांबणारीवर दुसरीचा संशय आला असता. काही मिळालं नाही. काही मिळालं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. निदान काय झालं ते समजलं असतं.

आत्या गेल्यावर मी छत्री घेऊन समोर भाभींच्या दुकानात गेले. साखर हवी होती असं निमित्त केलं. भाभींनी साखर बांधली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, आज जोडपी किती येणार आहेत, थंड बाटल्या फ्रिजमध्ये लावून ठेवू.

मी विचारलं, कसली जोडपी?

त्यावर त्यांनी मला आत स्टुलावर बसवलं. सगळं सांगितलं, पण काउंटरवरची नजर न काढता. एजंट माणसांना गाडीतून आणतो आणि आधी त्यांच्या दुकानाच्या शेडखाली उभं करतो. आत्याची स्कूटर फाटकात शिरली की मग आत नेतो. तोपर्यंत बाटली पाजतो आणि शिकवतो. भाभींनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना पाठ होतं: आत गेल्यावर कामाचं नाव काढायचं नाही, मॅडमना आवडत नाही. पैशाचं तर अजिबात नाही. नमस्कार करायचा आणि गप्प राहायचं. मॅडमनी स्वतःच्या हाताने प्रसाद दिला की समजायचं, पोचलं.

त्याला आमच्या घरात काही आणायचं नव्हतंच. त्याला फक्त आत शिरायचं होतं आणि शिरताना दिसायचं होतं. मी त्याचे रिकामे हात बघत राहिले, आणि तो भरलेले हात बाहेर नेत होता, चिमूटभर खोबरं-साखर. पुस्तकात काय घ्यायचं नाही ते सगळं होतं. काय द्यायचं नाही, ते कुठेच नव्हतं.

मी भाभींना विचारलं, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?

"सांगायचं म्हणजे आधी माझ्या भावाची मोजणी नाही हे दाखवायला हवं होतं की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून हळू म्हणाल्या, "आणि खरं बोलू का बाई? मला वाटलं, तुमच्या घरात ठरलेलंच असेल. मोठ्या लोकांत असं असतंय. मी कशाला मध्ये पडू?"

इतकी वर्षं समोरासमोर राहून त्यांना असं वाटलं. पण मी त्यांना काय बोलणार? मलाही रात्रभर तेच वाटत होतं आणि मी तर त्याच घरात राहते.

संध्याकाळी आत्या आल्यावर तिला सांगितलं. ती पहिलं वाक्य कामाचं बोलली. भात उभं असताना वावरात मोजणी होत नाही. पावसाळ्यातले अर्ज साठतात, कापणी झाली की नंबराप्रमाणे तारखा लागतात. म्हणजे हा माणूस भाद्रपदात जे विकत होता, ते दिवाळीनंतर लोकांना तसंही मिळणारच होतं. म्हणून त्याचं एकही काम फसत नव्हतं. म्हणून दरवर्षी गर्दी वाढत होती. तिने त्याच रात्री साहेबांना कळलेलं सगळं लिहून पाठवलं, पण पुरावा काय, असं ते विचारणार हे तिला माहीत होतं. मी तिला म्हटलं, विसर्जनापर्यंत बाहेर येऊ नकोस, प्रसाद मी देईन. तेव्हाच तुमचा फोन आला होता.

चौथ्या दिवशी तो आला. या वेळी बरोबर वडिवळ्याची एक म्हातारी होती, माझ्याच वयाची असेल, हिरवं लुगडं, गुडघे दुखत असावेत कारण पायरी चढताना भिंत धरत होती. तिने देवापुढे डोकं टेकलं आणि ओठ घट्ट मिटून बसली, शाळेत बाईंनी गप्प बसवलेल्या मुलीसारखी. एजंटने विचारलं, ताई दिसत नाहीत? मी म्हटलं, आत आहे. मग म्हातारीजवळ बसले आणि तिला सांगितलं की आमच्या घरी देवाजवळ मनातल्या मनात मागायची रीत नाही, गाऱ्हाणं मोठ्याने घालावं लागतं.

अशी आमच्याकडे रीत नाही. ती खाली कोकणात आहे. एजंटने लगेच टोकलं, "काकू, मागच्या वर्षी असं काही नव्हतं."

मी म्हटलं, "मूर्ती दरवर्षी नवी असते."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. मूर्तीकडे जास्त वेळ पाहिलं. हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "देवा गणराया, दिरानं माजा बांध कोरलाय. म्हस इकून ह्या आमच्या मानसाला पैसं दिलं. म्याडमला पोचलं म्हनतो. आता म्याडमच्या हातचा परसाद मिळू दे, मोजनी हू दे, बास."

एजंट हसला आणि म्हणाला, म्हातारीला काही कळत नाही.

"मला न्हाई कळत?" ती म्हणाली. "तूच गाडीत म्हनलास, म्याडमसमोर बोलायचं न्हाई. द्येवासमोर बोलायचं न्हाई असं कुटं म्हनलास?"

आत्या स्वयंपाकघराचं दार उघडून बाहेर आली. मला वाटलं होतं ती त्याच्यावर ओरडेल. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हातारीसमोर जमिनीवर बसली आणि तिला मावशी म्हणून सगळं नीट समजावून सांगितलं. मोजणीची फी सरकारजमा होते, तिची पावती मिळते, त्याशिवाय कुणाला काही द्यायचं नसतं. मी काही घेतलेलं नाही. तुमचा अर्ज असेल तर कापणी झाल्यावर नंबराने तारीख लागेल, ती मला पुढे आणता येत नाही आणि मागे ढकलताही येत नाही.

म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मंग मागल्या साली माज्या जावंच्या भावाला परसाद कशापायी दिला?"

"सगळ्यांनाच देतो, मावशी."

"व्हय की. आन सगळ्यांच्याच मोजन्या झाल्या."

आत्याने विचारलं, देवापुढे बोललात ते माझ्या साहेबांपुढे सांगाल का? म्हातारीने मान हलवली, नाही म्हणून. रागाने नाही, एखाद्या लेकराला समजवावं तशी म्हणाली, "ह्यो आमच्या भावकीतला हाय. उद्या मेले तर खांद्याला ह्योच येनार. तुमी काय, बदली हून जाल."

एजंट तिला घेऊन निघाला. दारात थांबून त्याने मला नेहमीच्याच हळू आवाजात विचारलं, "काकू, मी तुमच्या घरात काही आणलं नाही, काही नेलं नाही, कुठला नियम मोडला तेवढं सांगा." मी ते पुस्तक पाठ केलेलं आहे. पण ते नियम त्याच्यासाठी नव्हतेच. ते फक्त आत्यासाठी होते. त्याने ते तिच्याइतकेच नीट वाचले होते आणि त्यांच्या कडेकडेने चालत होता, जसा एखादा शेजारच्या वावराच्या बांधावरून चालतो, आत पाय न टाकता.

म्हातारीने म्हैस विकून दिलेले पैसे त्याने परत केले की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. या वर्षी विसर्जनाला नेहमीचे शेजारी आले नाहीत. पाऊस होता असं त्यांनी सांगितलं. पाऊस दरवर्षीच असतो.

महिन्याभराने चौकशीसाठी एक अधिकारी आले. सरकारी गाडी आमच्या फाटकात तासभर उभी होती, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. पाणी विचारलं, तेही नको. मग ते भाभींकडे गेले. मला भीती होती की भाभी ऐनवेळी मध्ये पडायला नको म्हणतील, आणि त्यांना दोष देता आला नसता. एजंटची माणसं त्यांचं गिऱ्हाईक होती. पण भाभींनी शेडखाली ऐकलेलं सगळं, शब्द न बदलता, लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्या अधिकाऱ्यांनी दुकानातून पाण्याची बाटली विकत घेतली आणि तिचं बिल मागितलं. "इतक्या वर्षांत पाण्याच्या बाटलीचं बिल मागणारा पहिला माणूस," त्या म्हणाल्या. "मला तर वाटलं, माझीच चौकशी आहे."

भाभींचा जबाब आणि आत्याने गणपतीतच लिहून दिलेला खुलासा, यावर ते प्रकरण मिटलं. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असं तिला कळवण्यात आलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांबाबत दक्षता घ्यावी, असंही. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बंगल्यातल्या बाई भाजीवाल्याजवळ भेटल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "बरं झालं हो, मिटलं. कुणाकडून मिटवलंत?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या जावयाचं असंच काहीतरी अडलं होतं, त्यांना खरंच नाव हवं होतं.

एजंटची गाडी आता आमच्या रस्त्याला दिसत नाही. भाभी म्हणतात, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला दिसते, दुसऱ्या कुठल्या खात्यातल्या साहेबांच्या घराजवळ. त्या साहेबांना माहीत असेल का नाही, कोण जाणे. मला विचाराल तर नसेल. पण मी पैज लावणार नाही.

भाताची कापणी झाली, मोजण्यांच्या तारखा लागल्या. वडिवळ्याच्या म्हातारीचीही तारीख लागली, तिच्या नंबराप्रमाणे, दुसऱ्या कुणा कर्मचाऱ्याच्या हातून. आत्याचा त्यात बोटभरही संबंध नव्हता. बांध तिच्या बाजूने निघाला हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं, कारण मागच्या रविवारी ती एकटी लोकलने आली. कामशेतला बसून लोणावळ्याला उतरली आणि स्टेशनवरून चालत आली. डोक्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी होती. दारात पिशवी उतरवल्याबरोबर वास घरभर पसरला. नव्या तांदळाचा वास काय असतो ते तुम्हाला तिकडे कळायचं नाही.

तिने म्हटलं, वानोळा आणलाय. शेतात पहिलं आलं की आपल्या माणसांना थोडं थोडं पोचवायचं, तो वानोळा. नाही म्हणायची गोष्ट नाही ती. भाभींचे ते दोडके सोडले तर माझ्या सगळ्या आयुष्यात मी कुणाचा वानोळा परत केलेला नाही.

आत्याने परत केला. मी काही बोलायच्या आत तिने पिशवी उचलून म्हातारीच्या बाजूला ठेवली आणि सांगितलं की हे आम्हाला घेता येत नाही. म्हातारी पिशवीकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून, घरात दुसरं कुणी ऐकत नाही ना हे बघून, तिने विचारलं, "कमी हाय का?"

मी आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. चौकशीच्या सगळ्या दिवसांत तिचा चेहरा असा झाला नव्हता. ती म्हातारीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, माझं ऐका. तुमची मोजणी मी केली नाही, कुणाला करायला सांगितली नाही. मी काहीच केलेलं नाही."

म्हातारीने दुसऱ्या हाताने तिचा हात थोपटला. "तसंच म्हनावं लागतंय, पोरी," ती म्हणाली. "म्या न्हाई सांगनार कुनाला."

तिला मी आमच्याच तांदळाचा भात आणि आमटी वाढली. जेवायला घालणं नियमात कुठे बसतं ते मी त्या वेळी पाहिलं नाही. ती जेवली, ताट स्वतः धुऊन ठेवलं आणि पिशवी परत डोक्यावर घेतली. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. एरवी गेले असते तर सोबत म्हणून. या वेळी गेले ते पिशवी परत जाते आहे हे रस्त्याला दिसावं म्हणून. भाभींनी काउंटरवरून पाहिलं आणि मान हलवली. पलीकडच्या बंगल्याचा वॉचमनही बघत होता. पण ती आली तेव्हा तो तिथे नव्हता. त्याला एवढंच दिसलं की मॅडमच्या घरातून एक म्हातारी भरलेली पिशवी घेऊन बाहेर पडली आणि मॅडमची आई तिला फाटकापर्यंत पोचवायला आली होती.